नानांचा फोन काढून घ्यावा का?

पत्राचा सारांश

इंदूरहून एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे. घरात त्या, त्यांचे पती, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा, सासूबाई आणि ७४ वर्षांचे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात. नाना एका कापड गिरणीत हिशेबनीस होते. गिरणी बंद पडली आणि थकलेले पैसे हातात यायला तीन दशकं गेली. ते पैसे आता मुदत ठेवीत आहेत आणि त्याच बँकेचं ॲप नानांच्या फोनवर आहे. नाना सगळे पासवर्ड एका लाल वहीत लिहून ठेवतात. फोनचं अपडेट आलं की 'नंतर' दाबतात. 'आपल्या मागे कोण लागतंय, चोर मोठ्या माशांकडे जातात' हे त्यांचं ठाम मत. दोन महिन्यांपूर्वी देवासच्या एका नातेवाइकाच्या नंबरावरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. नानांनी बैठकीत बसल्या बसल्या ती उघडली आणि निघाली एपीके फाइल, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल. नातवानं फोन हिसकावून घेतला, पैसे वाचले. पण त्या दिवशी मुलगा आणि नातू दोघंही त्यांना फार बोलले. त्यानंतर एकदा 'आज रात्री तुमची वीज कापली जाईल' असा मेसेज आला, नानांनी त्या नंबरावर फोनही केला, पण घरात हे दोन दिवसांनी कळलं. आता नातू म्हणतो, आजोबांना साधा बटणांचा फोन द्या आणि ॲप काढून टाका. नाना गप्प आहेत. भगिनी विचारतात: 'बाकी आमच्याकडे सगळं ठीक आहे. कॉम्प्युटरला पैसे भरून अँटिव्हायरस घेतलाय, मुलगा जाणकार आहे, कॅमेरेही बसवलेत. फक्त नाना बेफिकीर आहेत. फोन काढून घ्यावा का? आणि सून म्हणून हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?'

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. लग्नपत्रिकेचा प्रसंग वाचून कुणाचाही जीव खालीवर होईल, पण मी अडखळले ते त्याच्या पुढच्या ओळीवर. विजेच्या मेसेजबद्दल नाना दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पत्रिका उघडली तेव्हा ते बैठकीत तुमच्या डोळ्यांसमोर होते, म्हणून नातवाला फोन घेता आला. पुढचा फोन ते आतल्या खोलीत, दार लोटून घेतील. तुमच्या घरात आधी काय सावरायचं असेल तर हे.

माझ्या थोरल्या बहिणीचं सांगते. ती ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहते. तीन वर्षांपूर्वी तिच्या खात्यातून ४७ हजार रुपये गेले. बँकेचा मेसेज तिनं पंधरा मिनिटांत वाचला होता. आम्हाला सांगितलं ते चौथ्या दिवशी, मेथी निवडताना, मान खाली घालून. 'सांगितलं होतं ना तुला' एवढं एक वाक्य पोराच्या तोंडून ऐकावं लागेल, या धाकानं तिला चार दिवस जेवण गेलं नव्हतं. तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जाऊन काढलेही गेले होते. ज्यानं फसवलं त्याचा राग मला येतोच. पण ती आमच्याशी बोलू शकली नाही, ही बोच अजून जात नाही, कारण तेवढं आमच्या हातात होतं.

ते चार दिवस किती महागात पडतात, ते नीट समजून घ्या. १९३० हा सायबर फसवणुकीसाठी सरकारचा मदत क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांपर्यंत पोचते, आणि ज्या खात्यात पैसे गेले तिथे ते अजून पडून असतील तर अडवून ठेवता येतात. एकदा कुणी एटीएममधून काढून नेले की अडवायला काही उरत नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रकही वेळेच्याच हिशेबावर उभं आहे. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणी हात मारला, आणि बँकेकडून कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही बँकेला सांगितलं, तर भुर्दंड तुमच्यावर पडत नाही. ओटीपी किंवा पिन आपणच सांगून बसलो असू तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी लगेच बोलणाऱ्याचं कमी जातं. ज्या घरात चूक कबूल करायला भीती वाटते, त्या घरात हा नियम कागदावरच राहतो.

आता नानांकडे वळू. तुम्ही त्यांना बेफिकीर म्हटलं आहे. जो माणूस आयुष्यभर पैपैचा ताळा जुळवत आला, स्वतःच्या पैशासाठी तीन दशकं थांबला, तो पैशाबाबत बेफिकीर असेल हे मला पटत नाही. नानांच्या मनात चोराचं एक चित्र आहे आणि ते त्या चित्राप्रमाणे अगदी नीट वागतात. चित्र चुकलंय, वागणं त्याला धरूनच आहे.

अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या रिक वॉश यांनी २०१० मध्ये याच गोष्टीवर अभ्यास प्रसिद्ध केला. घरी कॉम्प्युटर वापरणाऱ्या ३३ साध्या माणसांशी बसून बोलून त्यांनी विचारलं होतं, की व्हायरस म्हणजे तुम्हाला काय वाटतं, हॅकर कोण असतो, त्याला काय हवं असतं. त्यातून आठ समजुती पुढे आल्या, चार व्हायरसबद्दल आणि चार हॅकरबद्दल. कुणाला हॅकर म्हणजे अंगातली मस्ती दाखवायला भिंती रंगवणारं टारगट पोर वाटत होतं. कुणाला घरफोड्या वाटत होता, जो कुलूप ढिलं दिसेल तिथे शिरतो. कुणाला वाटत होतं की तो दुसऱ्या गुन्हेगारांसाठी माल गोळा करतो. आणि कुणाला खात्री होती की हॅकर फक्त मोठ्या माशांच्या मागे असतो. जशी समजूत, तसा माणूस तज्ज्ञांचा सल्ला ऐकत होता किंवा सोडून देत होता. मोठ्या माशाची समजूत असलेल्यांना स्वतःसाठी काही करायची गरजच दिसत नव्हती. नानांचं वाक्य तुमच्या पत्रात वाचलं तेव्हा मला हाच अभ्यास आठवला. इंदूरच्या एका घरातलं वाक्य आणि तिकडचं वाक्य शब्दाला शब्द जुळावं, याचं मला नवल वाटलं आणि थोडा धीरही आला. नाना जगावेगळे नाहीत.

अपडेटचंही तसंच. मागच्या अपडेटनं त्यांची अक्षरं बारीक झाली असतील, ओळखीचं बटण जागेवरून हललं असेल. अपडेटमुळे जी चोरी टळली ती कुणालाच दिसत नाही. हरवलेलं बटण मात्र दिवसातून दहा वेळा डोळ्यांत खुपतं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्ये म्हटलं होतं, की लोक सुरक्षेच्या सूचना झुगारतात तेव्हा ते पुष्कळदा हिशेबानंच वागत असतात, कारण सूचना पाळायचा त्रास रोजचा आणि फायदा क्वचितचा. हिशेबनीस माणसाला तर हे फारच लवकर समजतं. म्हणून नानांना 'अपडेट करा' असं दहाव्यांदा सांगू नका. आधी त्यांची अक्षरं मोठी करून द्या, बटणं पूर्वीच्या जागी आणून द्या, मग रात्री फोन चार्जिंगला असताना अपडेट आपोआप होईल अशी सोय करा. सकाळी फोन हातात घेतल्यावर त्यांना काही बदललेलं दिसलं नाही, तर भांडणाचं कारणच राहणार नाही.

आपल्या शहराकडेच पाहा ना. २०१७ पासून स्वच्छतेत इंदूरचं नाव पहिलं येतंय. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे आपण भाषणं ऐकून शिकलो का? रोज सकाळी गाणं वाजवत गाडी दारात यायला लागली, वेगळ्या कप्प्यांची, आणि डबे घेऊन बाहेर जाणं सोपं झालं. सवय सोपी झाली म्हणून लागली. आणि याच कचऱ्यानं नानांच्या मोठ्या माशाचंही उत्तर देता येतं. एकानं कोपऱ्यावर टाकलेली घाण सगळ्या गल्लीला होते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या एका घातक प्रोग्रॅमनं जगभरातले घरगुती कॅमेरे आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेतले. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांकडे चोरण्यासारखं काही आहे का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता, एवढंच पुरलं. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या सगळ्या यंत्रांनी मिळून वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या एका कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. जाळं टाकणारा मासा निवडत नाही. नानांना आलेली पत्रिका हजारो नंबरांवर गेली असेल. पाठवणाऱ्याला नाना कोण, हे माहीतही नसेल.

म्हणून विचारते, तुमच्या घरी कॅमेरे बसवणाऱ्यानं जो पासवर्ड ठेवून दिला, तो कुणी बदलला का?

इथे मला तुमच्या पत्रातल्या 'बाकी सगळं ठीक आहे' या शब्दांवर थोडं थांबायचं आहे. रागावू नका. नानांच्या मनात जसं एक चित्र आहे तसं तुमच्याही मनात आहे: व्हायरस हा आजार, अँटिव्हायरस ही लस, लस टोचली की काळजी मिटली. हे चित्र इतकं सर्वदूर आहे की २०१५ मध्ये गुगलच्या संशोधकांनी सुरक्षातज्ज्ञ आणि सामान्य माणसं, दोघांना विचारलं की स्वतःच्या सुरक्षेसाठी तुम्ही मुख्यतः काय करता, तेव्हा सामान्य माणसांच्या उत्तरांत अँटिव्हायरस सगळ्यांत वर आला. तज्ज्ञांच्या उत्तरांत वर होतं सॉफ्टवेअर अपडेट ठेवणं. शंभरातल्या ३५ तज्ज्ञांनी ते सांगितलं, आणि सामान्य माणसांपैकी शंभरात दोघांनी. ज्या गोष्टीला जाणकार इतकं मानतात ती आपल्या मनात जवळजवळ नाहीच. तुमच्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज १० असेल तर त्याची नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत. त्यानंतर सापडलेली भोकं बुजवली जाणार नसतील, तर वर बसलेला अँटिव्हायरस कुठे कुठे पुरा पडणार?

आणि मुलगा. तो हुशार आहे, त्याच्या चपळाईमुळेच त्या दिवशी पैसे वाचले, त्याचं कौतुक आहेच. पण हॉस्टेलमध्ये आणि कॉलेजात महागडी सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून, म्हणजे परवान्याचं कुलूप फोडून फुकटात, वापरायची रीत मी वर्षानुवर्षं पाहिली आहे. कॉम्प्युटर शिकवण्यातच माझी नोकरी झाली. क्रॅक चालावा म्हणून पोरं आधी अँटिव्हायरस बंद करतात. मग कुणीतरी अनोळखी माणसानं दिलेली फाइल पूर्ण अधिकारानं आपल्या यंत्रावर चालवतात. नानांनी पत्रिका उघडली ती नातेवाइकावर विश्वास ठेवून, आणि पोरं फाइल चालवतात ती एका अनोळखी माणसावर विश्वास ठेवून. तुमचा मुलगा असं करतोच असं मी म्हणत नाही. पण त्याला विचारा, आणि शक्य झालं तर नानांच्या समोर विचारा. घरात एकच माणूस तपासला जातोय, हे नानांना जे टोचतंय ते तेवढ्यानं थोडं कमी होईल.

तसंच लाल वहीचं. त्या वहीवरून घरात नानांची चेष्टा होते, हे तुमच्या पत्रातून मला जाणवलं. ती चेष्टा बंद करा, कारण वही चांगली आहे. हजार मैलांवर बसलेल्या चोराला तुमच्या कपाटातली वही वाचता येत नाही. त्याला वाचता येतो तो एकाच नावापुढे जन्मसाल जोडून सगळीकडे वापरलेला पासवर्ड, जो एका वेबसाइटवरून फुटला की बाकीची सगळी दारं उघडतो. वही असल्यामुळे नानांना प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवता येतो. पाठ करणाऱ्याला ते जमत नाही. वहीत फक्त एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन नको, आणि वही फोनच्या पिशवीत नको. कपाटात राहू द्या.

पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर हवं, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर तीन महिन्यांनी बदलायला हवा, हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय की तो निसर्गनियमच वाटतो. त्याचं मूळ अमेरिकेच्या मानक संस्थेतले बिल बर यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेत आहे. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनीच सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. लोक शेवटचा १ काढून २ करत होते आणि त्यालाच बदल म्हणत होते. त्याच वर्षी संस्थेनं नवे नियम काढले: लांबी महत्त्वाची, आणि फुटल्याचा संशय नसेल तर ठरावीक काळानं बदलायला लावू नका. तेव्हा नानांना एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहायला सांगा. खिडकी, तराजू, आजोळ, जिलबी अशासारखे. नेमके हेच मात्र नकोत.

आता मूळ प्रश्न, फोन काढून घ्यावा का.

बटणांचा फोन दिला तर पत्रिकेसारखी फाइल येणार नाही, हे खरं. पण विजेचा फोन त्यावरही येईल. 'तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय' म्हणून धमकावणाराही येईल. 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे फोनवरच अटक, असली काही गोष्ट आपल्या कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं, तरी त्या धाकानं माणसं बँकेत जाऊन स्वतःच्या सहीनं पैसे पाठवतात. आवाजावर चालणारी फसवणूक साध्या फोननं अडत नाही. दुसरं म्हणजे ॲप काढलं तरी ठेव नानांचीच आहे. मग त्यांच्या वतीनं व्यवहार कोण करणार? नातू? त्यांचा पिन वापरून? एकाचा पिन दुसऱ्यानं वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही, आणि उद्या नणंदा-दिरांमध्ये पैशावरून शब्दाला शब्द लागला तर त्याची उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. ज्या पैशाची त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली, तो पैसा शेवटी हातात आल्यावर घरच्यांनी त्यांच्या हातातून काढून घेतला, असं त्यांना वाटेल. त्यानंतर ते तुम्हाला काही सांगतील अशी आशा धरू नका.

जसं चाललंय तसं चालू देणं हाही मार्ग नाही, हे तुम्हाला कळतंच आहे.

मधला मार्ग नानांना स्वतःलाच सुचेल, जर तुम्ही त्यांच्याच भाषेत विचारलंत. त्यांना विचारा, की गिरणीत मोठी रक्कम बाहेर जाताना किती सह्या लागायच्या? ज्यानं व्हाउचर लिहिलं त्याच्याच हातात चेकबुक असायचं का? किरकोळ खर्चाची पेटी आणि मुख्य तिजोरी एकत्र असायची का? या प्रश्नांवर ते बोलतील, तुमच्यापेक्षा चांगलं बोलतील. मग तेच घरात लावा. एका छोट्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवायचे, यूपीआय फक्त त्या खात्याला जोडायचं, आणि ॲपमध्ये रोजच्या व्यवहाराची मर्यादा खाली आणायची. ही झाली किरकोळीची पेटी. ठेव वेगळ्या खात्याशी जोडलेली, आणि त्या खात्याला फोनवरून हातच लागणार नाही अशी. हे महत्त्वाचं आहे, कारण ॲप ताब्यात आलं की चोर मुदत ठेवसुद्धा घरबसल्या मोडतात. शाखेत जाऊन विचारा, की ठेव ऑनलाइन मोडायची सोय बंद करता येते का. येत नसेल तर त्या खात्याचं नेट बँकिंग बंद ठेवा. नव्यानं ठेव करताना नाना आणि सासूबाई दोघांच्या नावानं, दोघांच्याही सहीनंच मोडेल अशी करता येते. 'दोघांपैकी कुणीही' आणि 'दोघं मिळून' हे फॉर्मवरचे दोन वेगळे पर्याय आहेत, खूण करताना बघा. यात नानांचा फोन जात नाही, मान जात नाही, आणि मोठी रक्कम एका चुकीच्या बोटापासून दूर राहते.

त्या फोनचं एक काम मात्र आजच करा. पत्रिकेची फाइल नुसती उतरली होती की इन्स्टॉल झाली होती, हे नातवाला नीट आठवायला सांगा. इन्स्टॉल झाली असेल तर ते ॲप काढून थांबू नका. फोटो आणि नंबर बाजूला काढून फोन पूर्ण कोरा करा, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. झाली नसेल तरी सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲपला आणि ब्राउझरला अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची जी परवानगी असते ती बंद करा. मेसेज वाचायची परवानगी कोणकोणत्या ॲपला दिली आहे, तेही त्याच बैठकीत बघून टाका.

आणि नानांना ती फाइल काय करणार होती ते सांगा, कारण 'उघडू नका' एवढं सांगून माणसाच्या मनातलं चित्र बदलत नाही. ओटीपी म्हणजे गिरणीच्या फाटकावरचा गेटपास. ही फाइल म्हणजे वॉचमनच्या केबिनमध्ये गुपचूप येऊन बसलेला माणूस, जो येणारा प्रत्येक पास वाचतो आणि बाहेर उभ्या साथीदाराला सांगतो. नानांनी ओटीपी कुणाला सांगायचीही गरज नव्हती. 'मी तर कुणाला ओटीपी दिला नाही' म्हणणाऱ्यांचे पैसे असेच जातात. देवासच्या नातेवाइकांनी ती पाठवलीच नव्हती. त्यांचा फोन आधी फसला आणि मग त्यांच्या नावानं सगळ्या नातलगांना पत्रिका गेली. नंबर ओळखीचा म्हणजे पाठवणारा ओळखीचा, ही समजूत आपल्या सगळ्यांचीच आहे, आणि नात्यागोत्यात राहणाऱ्या माणसांना ती सोडणं जड जातं. त्यावर एकच करायचं: पत्रिका आली की नातेवाइकाला फोन लावायचा. लग्न खरं असेल तर अभिनंदनही होईल. खरी पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, ती इन्स्टॉल करायला सांगत नाही.

विजेच्या, बँकेच्या, पेन्शनच्या फोनांनाही हेच लागू. समोरचा घाई करायला लागला की फोन ठेवायचा आणि आपल्याकडे असलेल्या नंबरावर, बिलावरच्या किंवा पासबुकावरच्या, आपण लावायचा. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. नानांना मी एवढंच सांगेन. वीस सूचना दिल्या तर एकही राहत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सून म्हणून कोणत्या तोंडानं सांगू. मला वाटतं, हे सांगायचं काम तुमचं नाहीच. त्या दिवशी जे बोलले ते त्यांचा मुलगा आणि नातू. तेव्हा आधी त्या दोघांनी नानांजवळ जाऊन 'आम्ही जास्त बोललो' एवढं म्हणायला हवं. ते शब्द त्यांच्या वतीनं तुम्ही पोचवू नका. घरातले रुसवे दूर करायचं काम सुनेच्याच ओंजळीत येऊन पडतं, आणि इथे ते तुम्ही घेतलंत तर नानांना मुलाकडून जे ऐकायचंय ते ऐकू येणारच नाही. पतीला हे पत्र वाचायला द्या. मुलाला एक नियम घालून द्या: आजोबा काहीही दाखवायला आले तर पहिला शब्द 'बरं झालं सांगितलंत' हाच. पैसे गेलेले असले तरी हाच. मग १९३० आणि बँक, आणि चूक कुणाची ते त्यानंतर कधीतरी, शक्यतो कधीच नाही.

तुमचा वाटा वेगळा आहे. रविवारी सकाळी पोहे झाले, सगळे घरात असले, की नानांच्या शेजारी बसा आणि म्हणा, 'नाना, माझ्या ईमेलचा पासवर्ड सगळीकडे एकच आहे, आज बदलायचाय. लिहून ठेवायला तुमच्या वहीतलं एक पान द्याल का?'